माधवराव जयाजीराव शिंदे

हा लेख ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे (१८७६-१९२५) यांच्याविषयी आहे. त्यांचे नातू व केंद्रीय मंत्री माधवराव शिंदे (१९४५-२००१) यांच्यासाठी स्वतंत्र लेख पहा.

माधवराव जयाजीराव शिंदे (२० ऑक्टोबर, १८७६ - ५ जून, १९२५) हे ग्वाल्हेर संस्थानाचे महाराज होते. वडील जयाजीराव यांच्या मृत्यूनंतर १८८६ मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षी, ते गादीवर आले आणि मृत्यूपर्यंत म्हणजे सुमारे ३९ वर्षे संस्थानाधिपती होते. शासनव्यवस्था, पाटबंधारे, शिक्षण, संगीत आणि उद्योग या क्षेत्रांतील कामाबरोबरच रेल्वेची विलक्षण आवड असलेला राजा म्हणून ते ओळखले जातात. राजवाड्याच्या आवारात हौसेने घातलेल्या दोन फुटी रूळमार्गातून पुढे ग्वाल्हेर लाइट रेल्वे हे सार्वजनिक रेल्वेचे जाळे उभे राहिले. जयविलास राजवाड्यातील भोजनमेजावर धावणारी त्यांची चांदीची छोटी रेल्वेही प्रसिद्ध आहे. पुण्यातील वानवडी येथील शिंदे छत्री आणि अखिल भारतीय श्री शिवाजी स्मारक या दोन्हींशी त्यांचा निकटचा संबंध होता.

घराणे व बालपण

शिंदे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडचे. राणोजी शिंदे यांनी पेशव्यांच्या चाकरीत माळव्यात घराण्याचा पाया घातला आणि त्यांचे पुत्र महादजी शिंदे यांनी उत्तर हिंदुस्थानात मराठ्यांची सत्ता प्रस्थापित केली. महादजींचे निधन १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे झाले. पुढे दौलतरावांच्या काळात ग्वाल्हेरजवळील लष्कर ही घराण्याची राजधानी झाली.

माधवरावांचे वडील जयाजीराव यांनी १८७४ मध्ये जयविलास राजवाडा बांधून घेतला. रेल्वेशी या घराण्याचा संबंध त्यांच्याच काळात आला. आग्रा-ग्वाल्हेर आणि इंदूर-नीमच या रूळमार्गांच्या उभारणीसाठी जयाजीरावांनी ब्रिटिश सरकारला प्रत्येकी ७५ लाख रुपयांचे कर्ज दिले होते. माधवराव हे जयाजीराव आणि राणी सख्याराजे यांचे पुत्र. २० जून १८८६ रोजी जयाजीरावांचे निधन झाले तेव्हा ते अल्पवयीन असल्याने कारभार रीजन्सी कौन्सिलकडे सोपवण्यात आला. त्यांचे शिक्षण राजवाड्यातच खास नेमलेल्या शिक्षकांच्या देखरेखीखाली झाले. यंत्रे, हत्यारे आणि वाहने यांची गोडी त्यांना लहानपणीच लागली. १५ डिसेंबर १८९४ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले.

राजवाड्यातील रेल्वे

अधिकार हाती आले त्या सुमारास माधवरावांनी जयविलास राजवाड्याच्या आवारात दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर रुंदीचा रूळमार्ग घातला. त्यावर वाफेचे छोटे इंजिन आणि उतारूंचे डबे धावत. महाराज स्वतः इंजिन चालवत आणि पाहुण्यांना बागेतून फिरवून आणत. यंत्राची चावी इतरांच्या हाती देऊन मागे बसून राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते. पुढे मोटारीच्या बाबतीतही त्यांची हीच पद्धत राहिली.

त्या काळी अनेक संस्थानिकांकडे अशा प्रकारची खेळातली आगगाडी किंवा शोभेचा सलून डबा असे. ग्वाल्हेरचा प्रयोग वेगळा ठरला तो त्याच्या पुढच्या टप्प्यामुळे. बागेतल्या मार्गावरून एक गोष्ट लक्षात आली होती: दोन फुटी रुळांना भराव कमी लागतो, वळणे आखूड घेता येतात, पूल हलके चालतात आणि इंजिने व डबे स्वस्तात पडतात. ग्वाल्हेरच्या उत्तरेचा आणि पश्चिमेचा मुलूख चंबळ खोऱ्यातील घळींनी कापलेला होता. तेथे १६७६ मिलिमीटरचा ब्रॉड गेज मार्ग संस्थानाच्या खजिन्याला परवडणारा नव्हता. दार्जिलिंगची डोंगरी रेल्वे १८८१ पासून याच दोन फुटी मापावर चालत होती. महाराष्ट्रात त्याच सुमारास एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी मापावर १८९७ मध्ये सुरू झाली. स्वस्त आणि हलक्या रेल्वेचा विचार त्या दशकात हिंदुस्थानात मूळ धरत होता. माधवरावांनी तो आपल्या संस्थानात आणला.

ग्वाल्हेर लाइट रेल्वे

ग्वाल्हेर लाइट रेल्वेचे काम १८९५ नंतर हाती घेण्यात आले. ग्वाल्हेर ते भिंड हा ५३ मैलांचा पहिला मार्ग १८९९ मध्ये खुला झाला. त्याचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी केले. दुसरा फाटा दक्षिणेकडे शिवपुरीपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सिप्रीपर्यंत, ७४ मैल गेला. तिसरा फाटा पश्चिमेकडे टप्प्याटप्प्याने वाढत गेला. १९०४ मध्ये तो जौरा आणि सबलगढपर्यंत, १९०८ मध्ये बीरपूरपर्यंत आणि १५ जून १९०९ रोजी श्योपूरपर्यंत पोहोचला. ग्वाल्हेर-श्योपूर हा सुमारे २०० किलोमीटरचा मार्ग दोन फुटी मापाच्या जगातील सर्वांत लांब मार्गांमध्ये गणला जात असे.

या मार्गावरील उतारूंचे डबे आकाराने लहान होते. रूळ अवघे दोन फूट रुंद असल्याने डब्याचा तोल राखण्यासाठी त्याची रुंदी आणि उंची मर्यादित ठेवावी लागे. डबा दोन बोगींवर, म्हणजे चार-चार चाकांच्या दोन फिरत्या सांगाड्यांवर, बसवलेला असे. त्यामुळे आखूड वळणावर लांब डबाही रूळ न सोडता वळत असे. जमिनीपासून डब्याची उंची कमी असल्याने फलाट नसलेल्या ठिकाणीही चढता-उतरता येई. गर्दीच्या दिवशी उतारू टपावर बसत, आणि ही प्रथा मार्ग बंद होईपर्यंत टिकून राहिली. गाडीचा वेग फार कमी होता. ग्वाल्हेरहून श्योपूरला पोहोचण्यास अलीकडच्या काळातही दहा तासांहून अधिक वेळ लागत असे. तरीही पावसाळ्यात ज्या गावांच्या वाटा चिखलाने बंद होत, त्यांच्यासाठी बाजार, कचेरी आणि दवाखाना गाठण्याचे हेच खात्रीचे साधन होते. धान्य आणि जंगलातील माल वाहून नेण्यासाठी वाघिणी जोडल्या जात.

शिवपुरी हे संस्थानाचे उन्हाळ्यातील ठिकाण असल्याने दरबारी मंडळी आणि कचेऱ्यांचा लवाजमाही काही काळ याच छोट्या गाडीने जात असे. राजवाड्याच्या बागेतून सुरू झालेली हौस अशा रीतीने राज्यकारभाराचे साधन बनली.

मेजावरची चांदीची रेल्वे

जयविलास राजवाड्याच्या मेजवानीच्या दालनात लांब भोजनमेजावर रूळ बसवलेले आहेत. त्यावर विजेवर चालणारी चांदीची छोटी गाडी धावते. माधवरावांनी ती इंग्लंडमधून आणवली होती. इंजिनामागे सात डबे असून घराण्याच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधील एकेक अक्षर प्रत्येक डब्यावर आहे. सातही डबे ओळीने उभे राहिले की शिंदे हे नाव पूर्ण वाचता येते.

या डब्यांची रचना उतारूंच्या डब्यांहून वेगळी आहे. छप्पर आणि खिडक्यांच्या जागी पैलूदार काचेच्या सुरया व भांडी ठेवण्याची सोय केलेली आहे. भोजनानंतर मद्य, चिरूट, सुकामेवा वगैरे पदार्थ या डब्यांतून पाहुण्यांपुढे फिरवले जात. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबे आणि ती जागेवर परत ठेवली की पुढे निघे. त्यामुळे गाडी पुढे जाण्याआधी प्रत्येकाला आपला पेला भरून घेता येई. गाडीचे नियंत्रण यजमानांच्या हाताशी असे.

एका व्हाइसरॉयच्या मेजवानीत ही गाडी ताब्याबाहेर जाऊन पाहुण्यांच्या कपड्यांवर पदार्थ सांडत सुटली, अशी कथा संस्थानिकांवरील लोकप्रिय पुस्तकांत सांगितली जाते. माधवरावांना थट्टामस्करीची आवड असल्याने ही कथा त्यांच्या नावाला सहज चिकटली. ही रेल्वे आज जयविलास राजवाड्यातील संग्रहालयात पाहता येते.

राज्यकारभार

माधवराव कारभाराच्या बारीकसारीक बाबींत स्वतः लक्ष घालत. दौऱ्यावर असताना कचेऱ्यांना अचानक भेटी देणे, दफ्तर तपासणे आणि खात्यांसाठी स्वतः सूचना लिहिणे हा त्यांचा क्रम होता. कायदेविषयक सल्ल्यासाठी त्यांनी मजलिस-ए-कानून आणि लोकांच्या मागण्या मांडण्यासाठी मजलिस-ए-आम या सभा स्थापन केल्या. या सभांना सल्ला देण्याचाच अधिकार होता आणि अंतिम निर्णय महाराजांचा असे.

ग्वाल्हेर शहराच्या पाण्यासाठी सांक नदीवर तिघ्रा येथे धरण बांधण्यात आले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी पुण्याजवळील खडकवासला येथे प्रथम वापरलेले स्वयंचलित दरवाजे येथेही बसवण्यात आले. ऑगस्ट १९१७ मध्ये, बांधकाम पूर्ण झाल्यावर थोड्याच काळात, पायाखालच्या खडकातून पाणी झिरपून हे धरण फुटले आणि खालच्या गावांत जीवितहानी झाली. माधवरावांच्या कारकिर्दीतील ही सर्वांत मोठी दुर्घटना होय. धरण नंतर पुन्हा बांधण्यात आले आणि आजही ग्वाल्हेरला त्यातून पाणीपुरवठा होतो.

सरदारांच्या मुलांसाठी १८९७ मध्ये काढलेली शाळा १९०८ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर नेण्यात आली. तीच आजची सिंधिया स्कूल होय. १९१३ मध्ये संस्थानात पुरातत्त्व खाते सुरू झाले आणि मोरेश्वर बळवंत गर्दे यांनी ते नावारूपाला आणले. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली १९१८ मध्ये माधव संगीत महाविद्यालय स्थापन झाले. घराणेदार गुरूकडेच मिळणारी ग्वाल्हेरची गायकी त्यामुळे अभ्यासक्रमाच्या रूपाने वर्गात शिकवली जाऊ लागली.

लष्कर, जहाजे व उद्योग

१९०० मध्ये चीनमधील बॉक्सर उठावाच्या वेळी माधवराव ब्रिटिश फौजेबरोबर चीनला गेले आणि ग्वाल्हेर या नावाचे रुग्णालय-जहाज त्यांनी सुसज्ज करून दिले. पहिल्या महायुद्धात त्यांच्या पुढाकाराने कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे एम्प्रेस ऑफ इंडिया हे जहाज विकत घेऊन त्याचे रुग्णालय-जहाजात रूपांतर करण्यात आले. त्याचे नाव लॉयल्टी ठेवण्यात आले. युद्धानंतर वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे जहाज विकत घेतले. त्यांनी स्थापन केलेल्या कंपनीला शिंदे घराण्याचे नाव दिले गेले आणि ती सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी या नावाने प्रसिद्ध झाली. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून इंग्लंडकडे निघाले. त्या घटनेच्या स्मरणार्थ ५ एप्रिल हा भारतात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ब्रिटिश साम्राज्यावरील निष्ठेचे नाव धारण करणारे हे जहाज अशा रीतीने स्वदेशी जहाजवाहतुकीच्या इतिहासाचा भाग झाले.

जयाजीरावांनी साठवलेली संपत्ती, जिला गंगाजळी म्हणत, तळघरात पडून राहण्याऐवजी कारखान्यांत आणि रोख्यांत गुंतवावी असे माधवरावांचे धोरण होते. मुंबईतील कायदेपंडित आणि अर्थतज्ज्ञ एफ. ई. दिनशा हे त्यांचे आर्थिक सल्लागार होते. टाटा समूहासह मुंबईच्या अनेक उद्योगांत संस्थानाचा पैसा गुंतवण्यात आला. १९२१ मध्ये बिर्लांनी ग्वाल्हेरमध्ये सुरू केलेल्या कापड गिरणीला जयाजीरावांचे नाव देण्यात आले.

पुण्याशी संबंध

महादजींचे अंत्यसंस्कार जेथे झाले त्या वानवडीच्या जागी त्यांची छत्री आहे. तेथील शिवमंदिर महादजींच्या काळातील असून त्यापुढील सभामंडप माधवरावांच्या काळात उभारला गेला. मंदिराचे शिल्पकाम राजस्थानी वळणाचे आहे, तर मंडपातील सज्जा आणि रंगीत काचांच्या खिडक्या युरोपीय पद्धतीच्या आहेत. मंडपात शिंदे घराण्यातील पुरुषांची चित्रे लावलेली आहेत. उत्तरेत स्थायिक झालेल्या घराण्याने महाराष्ट्रातील आपल्या मुळाशी राखलेला संबंध या वास्तूत दिसतो.

कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी १९१७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय श्री शिवाजी स्मारक संस्थेची स्थापना केली तेव्हा माधवरावांनी तिला सक्रिय साहाय्य केले. १९ नोव्हेंबर १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते स्मारकाची कोनशिला बसवण्यात आली. मे १९२२ मध्ये शाहू महाराजांचे निधन झाल्यावर स्मारक पूर्ण करण्याची जबाबदारी प्रामुख्याने माधवरावांवर आली. पुतळा उभा राहिलेला पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. शिल्पकार नानासाहेब करमरकर यांनी घडवलेल्या शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण १६ जून १९२८ रोजी, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी झाले.

कौटुंबिक जीवन

माधवरावांचा पहिला विवाह १८९१ मध्ये मोहिते घराण्यातील चिंकूराजे यांच्याशी झाला. या विवाहातून अपत्य न झाल्याने बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या कन्या इंदिराराजे यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह ठरला. १९११ च्या दिल्ली दरबाराच्या सुमारास इंदिराराजे यांनी स्वतः पत्र लिहून हा विवाह मोडला. त्यांनी पुढे कूचबिहारचे राजपुत्र जितेंद्र नारायण यांच्याशी विवाह केला. राजघराण्यातील मुलीने ठरलेले लग्न नाकारण्याची ही घटना त्या काळी फार गाजली. १९१३ मध्ये गोव्याच्या राणे घराण्यातील गजराराजे यांच्याशी माधवरावांचा विवाह झाला. १९१४ मध्ये कन्या कमलाराजे आणि २६ जून १९१६ रोजी पुत्र जिवाजीराव यांचा जन्म झाला. ब्रिटिश राजा व राणी यांच्या नावांवरून मुलांना मेरी आणि जॉर्ज अशी जोडनावेही देण्यात आली.

माधवरावांवर आई सख्याराजे यांचा मोठा प्रभाव होता. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर शिवपुरी येथे त्यांची छत्री उभारण्यात आली.

शिकार हा माधवरावांचा दुसरा मोठा छंद होता आणि वाघाच्या शिकारीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तकही लिहिले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी आफ्रिकेतून सिंह आणवून कुनोच्या जंगलात सोडण्याचा प्रयत्न केला. सिंहांनी गुरांवर आणि माणसांवर हल्ले केल्याने तो फसला.

मृत्यू

१९२५ मध्ये युरोपच्या प्रवासात असताना माधवराव आजारी पडले. ५ जून १९२५ रोजी पॅरिस येथे वयाच्या ४८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्कार तेथेच करण्यात आले आणि अस्थी शिवपुरीस आणण्यात आल्या. सख्याराजे यांच्या छत्रीसमोर, मधल्या तलावाच्या दुसऱ्या बाजूस, त्यांची संगमरवरी छत्री बांधण्यात आली. तिच्यावर रंगीत दगडांचे जडावकाम आहे. पुत्र जिवाजीराव त्या वेळी नऊ वर्षांचेही नव्हते. त्यामुळे माधवरावांच्या बालपणाप्रमाणेच संस्थानाचा कारभार पुन्हा रीजन्सी कौन्सिलकडे गेला.

मूल्यमापन

माधवरावांची गणना त्यांच्या काळातील कार्यक्षम संस्थानिकांत होते. तथापि त्यांचा कारभार पूर्णपणे व्यक्तिकेंद्रित होता. लोकांना जबाबदार असलेले शासन त्यांनी दिले नाही, आणि ब्रिटिश सत्तेशी असलेल्या निष्ठेमुळे राष्ट्रीय चळवळीशी संबंधित हालचालींवर संस्थानात कडक नजर ठेवली जाई. राजवाड्यातील वैभव आणि चंबळ खोऱ्यातील दारिद्र्य यांतील अंतरही मोठे होते. त्यांच्या रेल्वेप्रेमात या दोन्ही बाजू एकत्र दिसतात. एकाच माणसाच्या आवडीतून चांदीच्या डब्यांची मेजावरची गाडी आली आणि घळींच्या मुलुखात शेतकऱ्याला तालुक्याच्या गावी नेणारी गाडीही आली.

वारसा

ग्वाल्हेर लाइट रेल्वेचे १९४२ मध्ये सिंधिया स्टेट रेल्वे असे नामांतर झाले. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये ती भारतीय रेल्वेच्या मध्य रेल्वे विभागात विलीन झाली. शिवपुरी आणि भिंड या मार्गांवरील छोट्या गाड्या आधी बंद झाल्या. श्योपूरची गाडी मात्र २०२० पर्यंत धावत होती. त्यानंतर तो मार्ग ब्रॉड गेजमध्ये रूपांतरित करण्याचे काम टप्प्याटप्प्याने सुरू झाले. माधवरावांनी आखलेला मार्ग मोठ्या गाडीच्या रूपाने अशा रीतीने टिकून राहत आहे.

ग्वाल्हेरचे माधव संगीत महाविद्यालय, शिवपुरीचे माधव राष्ट्रीय उद्यान आणि तेथील छत्री ही त्यांची प्रमुख स्मारके आहेत. जयविलास राजवाड्याच्या एका भागात १९६४ मध्ये संग्रहालय सुरू करण्यात आले. मेजावरची चांदीची रेल्वे हे त्याचे सर्वांत मोठे आकर्षण आहे.